सदतीस अंशांची पेटी

नाव: वेनिंग प्रास्त्यानी. वय: बावीस. विभाग: अन्नतंत्र, अंतिम वर्ष. शिष्यवृत्ती: जूनअखेर समाप्त. वर्तन: अनुकरणीय. ज्ञानाची देवाणघेवाण: तक्रार नाही.

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या विद्यापीठात हा तक्ता मीच भरतो. प्रयोगशाळेतली उपकरणंही मीच सांभाळतो. वेनिंगचा प्रबंध एका पेटीवर होता. शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी धरवून वडीसारखा टेंपे करतात, तो या पेटीत आपोआप व्हायचा होता. पेटी सदतीस अंशांवर ठेवायची, हे तिचे मार्गदर्शक हार्सोनो सरांनी ठरवलेलं. पाच वेळा टेंपे काळा पडला. जूनपर्यंत पेटी चालली नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही.

वेनिंगची आई बाजारात टेंपे विकते. बुरशी धरली की ती स्वतःच तापते, मग पुड्या सुट्या करून गार कराव्या लागतात, हे वेनिंगला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. बैठकीत मात्र मान खाली आणि 'होय सर'.

शेवटी मीच तिला गाठलं. "अगं, सांगत का नाहीस?"

"सांगितलं की काका! परवा आईच्या हातचा टेंपे तळून आणला नव्हता का? आई गार खोलीत ठेवते, असंही मी म्हणाले."

"मग सर?"

"आईला सलाम सांग म्हणाले. तीन तुकडे खाल्ले."

याहून स्पष्ट बोलणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर अपमान.

पेटीवर काम करणाऱ्या गटाचा प्रमुख मास बिमो, म्हणजे बिमोदादा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला विचारलं.

"मला पहिल्याच घासाला कळलं," तो म्हणाला. "पण आकडा सरांचा आहे, काका. तो बदलणारा मी कोण?"

"म्हणजे परीक्षकांपुढेही काळाच टेंपे?"

"मग तुम्ही सांगा ना. तुम्ही तर सरांहून वयाने मोठे."

मी पेटीची काच पुसायला घेतली.

परीक्षेच्या दिवशी पेटी उघडली आणि परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. "हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"चूक माझी," वेनिंग म्हणाली. हार्सोनो सरांनी मायेने मान हलवली.

अखेरच्या तक्त्यात मी लिहिलं: गटात मतभेद नाहीत. ज्ञानाची देवाणघेवाण: परिपूर्ण.

वेनिंगला पदवी मिळाली नाही. पेटी अजून सदतीसवरच आहे.