खिडकीतला समुद्र

खोटं बोलता न येणारी माणसं जगात फार थोडी, आणि त्यांतली सगळ्यात हट्टी बाई माझी क्लायंट आहे. घरबसल्या वेबसाइटी करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला नाना तऱ्हेचे क्लायंट भेटतात. पण श्रीवर्धनच्या ह्या काकूंनी सुपारीच्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या वेबसाइटसाठी तीन महिने माझी शिकवणी घेतली. वेबसाइट म्हणजे त्यांच्या लेखी घराची ओटी. "आल्याआल्या फोन नंबर विचारतोस? आधी पाणी दे!" म्हणून पहिल्याच पानावर तांब्याभांड्याचा फोटो. तो अंधुक आला, तर काकूंनी तांब्या घासून नवा फोटो पाठवला. "न जेवता काय लिहिणार तू?" म्हणून दर दुरुस्तीमागे मला घरी बोलावून घावने आणि नारळाचा रस. वर खोल्यांची उणी बाजू लिहायचा आग्रह.

"लिही, नळाला धार बारीक आहे. लिही, कोंबडा पहाटे आरवतो. आणि मोठ्या अक्षरांत लिही, खोलीतून समुद्र दिसत नाही."

"काकू, असं लिहिलं तर कुणी फिरकणार नाही!"

"नाही फिरकलं तर नाही. कोंबडा आहे सोबतीला."

कोंबडा मी आनंदानं लिहिला. समुद्राचं वाक्य मात्र गुपचूप गाळलं, आणि खिडकीच्या फोटोत हरिहरेश्वरचा समुद्र असा बेमालूम बसवला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. काकूंनी चष्मा न लावताच फोनवर पाहिलं. "तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार."

मे महिन्यात पुण्याहून एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांना चालता येत नव्हतं; पडल्यापडल्या समुद्र दिसेल म्हणून त्यांनी ही खोली घेतलेली. खिडकी उघडली, तर समोर सुपारीची झाडं! काकूंनी हात जोडले, "चूक माझी." मग ते राहिले ते पाचही दिवस, शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन, त्यांनी आजोबांना खुर्चीसकट किनाऱ्यावर नेलं.

हे सगळं काकूंनीच फोनवर सांगितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "अरे, तुझ्या कॉम्प्युटरनं घोटाळा केला बघ. तू मनाला लावून घेऊ नको हं." आणि ज्याला गप्प बसलेलं त्याच्या बायकोनंही पाहिलेलं नाही, असा मी नुसतं "हो काकू" म्हणालो.

आता तांब्याच्या खालीच, मोठ्या अक्षरांत, त्यांचं समुद्राचं वाक्य आहे. पाहुणे तरीही येतात. "आमचा वेबसाइटवाला फार सरळ माणूस," असं काकू प्रत्येकाला सांगतात. परवा सगळं कबूल करायचं ठरवूनच मी गेलो. त्यांनी आधी पाणी दिलं. मी भांडं खाली ठेवलं, घसा साफ केला, आणि म्हणालो, "पाणी गोड आहे हं, काकू."