पालथा हात

सिंधू गेली त्याला महिना होऊन गेला, पण ती शेवटचं काय बोलली ते मला अजून ठरवता येत नाही. अर्धांगवायूनं तिची वाचा गेली होती. दवाखान्यात तिच्या खाटेशी मी आणि तिचे यजमान रामदासभाऊ शेजारी शेजारी उभे होतो. तिनं आमच्याकडे पाहिलं, चालणारा हात उचलला, तळवा पालथा केला आणि हवेत हळूच खाली दाबला. "आते बंद करा सांगस ती," भाऊ म्हणाले, "घर लई जा सांगस." डॉक्टरांनी आशा आहे असंही म्हटलं नव्हतं, नाही असंही नाही. भाऊंनी सुया-नळ्या काढायला लावल्या, तिला घरी आणलं, आणि दोन-तीन दिवसांत ती गेली...

सुरतेच्या उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, आम्ही दोघी सुताच्या कांड्या भरायला होतो. ती धुळ्याकडची, मी मराठवाड्यातली. तिची अहिराणी मला सुरुवातीला कळतच नसे. पण मशिनं सुरू झाली की तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे आमची अडचण आपोआप मिटली. चिमटीनं हवेत काही तोडलं की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की शेठ आले. आणि पालथा हात खाली दाबला की, दम धर, माझ्या मशिनीकडे बघ, मी आलेच. चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळी सुरत स्टेशनवर लोटली, तेव्हा मी तिला पोचवायला गेले होते. भुसावळच्या गाडीच्या खिडकीतून ती काही ओरडत होती, पण त्या गर्दीत ऐकू येईना. मग तिनं तोच हात केला. गेलेले कारागीर आता कसले परत येतात, असं सगळे म्हणत होते. ती आली. आल्या दिवशी माझ्या शेजारच्या मशिनीवर उभी राहिली, जणू नुसती पाणी पिऊन आली होती.

मग दवाखान्यात तिला काय म्हणायचं होतं? मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण तेराव्यानंतर भाऊंनीच विचारलं, "ताई, तुम्हा बायांमध्ये त्या हाताचा काय अर्थ?" खोटं बोलवेना. सांगितलं. "आम्हा लूम चालवणाऱ्या गड्यांत त्याचा अर्थ बंद कर," भाऊ म्हणाले. "दुसरा नाहीच. घरातही ती मला तसाच हात करायची. स्टोव्ह बंद करा, नळ बंद करा..." मग थांबून म्हणाले, "तेव्हा ती तुमच्याकडे बघत होती, का माझ्याकडे?"

मी आठवून पाहिलं. अजूनही पाहते. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. खरंच सांगता येत नाही.

अधूनमधून त्यांच्या खोलीवर जाते. भाऊ टीव्हीचा आवाज पार बंद करून बसलेले असतात. दोघांची ही जुनी सवय. दिवसभर कानात लूम भरलेले, घरी आणखी आवाज नको. सिंधू पडद्यावरच्या माणसांचे ओठ वाचून त्यांना सगळं सांगत असे, आणि नाही कळलं तर मनाचं काहीतरी जोडून देत असे. परवा पडद्यावर एक बाई दारात उभी राहून रडत बोलत होती. भाऊंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय सांगी राहिनी ती?"

मला तिचे ओठ नीट दिसले नाहीत.

"येते म्हणतेय," मी म्हटलं.