आत्ताच गेली

बसस्टँडवरच्या कंट्रोलरचं नाव कोणाला माहीत नसतं. ह्याला मात्र अख्खा डेपो मिनिटराव म्हणायचा, आणि तेही तोंडावर. एकतीस वर्षं तो काचेच्या केबिनमध्ये बसला. समोर वेळापत्रक, गळ्यात शिट्टी. सहा दहा म्हणजे सहा दहा. कोणी धापा टाकत खिडकीशी आलं की मान वर न करता सांगायचा, "आत्ताच गेली." त्यात दुष्टपणा नव्हता. एकासाठी गाडी थांबवली तर पुढच्या थांब्यावरच्या चाळीस जणांनी काय घोडं मारलंय, असं त्याचं गणित होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. शिट्टी वाजवली की मागे वळून बघायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम.

या नियमाची एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जायची, आणि सांगायची त्याची थोरली बहीण. ऐन तरुणपणी ताईला शेजारच्या गावातल्या शाळेत मुलाखतीचं बोलावणं आलं. सहा दहाची गाडी. ताई हातात फाईल घेऊन स्टँडच्या फाटकातून पळत येत होती, आणि सख्ख्या भावाने शिट्टी वाजवली. पुढची गाडी साडेआठची. ती पोचेपर्यंत जागा भरली होती. ताईने पुढचं सगळं आयुष्य शिवणयंत्रावर काढलं. गोष्ट सांगताना ती स्वतः पळून दाखवायची, सगळे पोट धरून हसायचे, आणि मिनिटराव दरवेळी म्हणायचा, "अगं, दिसलीच नाहीस." मग विषय बदलायचा.

तो रिटायर झाला आणि सहा महिन्यांत बायको गेली. दोन खोल्यांचं घर, त्यात भिंतीवर चार घड्याळं आणि बोलायला कोणी नाही. पहाटे चारला डोळा उघडायचा, कारण एकतीस वर्षांची सवय. पण सोडायला गाडी नाही. ओट्यावर दोन कप असायचे, त्यातला एक कायम पालथा. तो कप उचलून आत ठेवायचं त्याच्या जिवावर यायचं. मुलगा वेगळा राहत होता, दर रविवारी पाचला यायचा. एकदा सव्वापाचला आला, तर दार उघडताच बापाचं पहिलं वाक्य "पंधरा मिनिटं." असं चार-पाच वेळा झालं. मग मुलगा महिन्यातून एकदा यायला लागला, मग फोन करायला लागला. चूक कुठे होतेय हे बापाला कळत होतं. पण जिभेला हाड नसतं म्हणतात, याच्या जिभेला फक्त काटे होते, एक तासाचा, एक मिनिटाचा.

चारला उठून करायचं काय, म्हणून तो स्टँडपर्यंत चालत जाऊन परत यायला लागला. चालण्याचं पळणं कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. वाटेत कोणी भेटायचं नाही आणि ते बरंच वाटायचं, कारण निदान रस्त्यावर तरी एकटं असणं साहजिक दिसतं. त्याचा जुना जोडीदार, डेपोतला एक उंच ड्रायव्हर, एकदा त्याला बघून म्हणाला, मिनिटराव, रिकामी गाडी किती दिवस फिरवणार, गावात होणाऱ्या त्या मॅरेथॉनमध्ये तरी घाला. म्हणाला चेष्टेत. पण याने दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

मुलाला फोनवर सांगितलं, तेव्हा वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, "आम्ही येऊ, बाबा. रस्त्यात उभे राहू." फोन ठेवल्यावर त्याला इतका आनंद झाला होता की त्याचं काय करायचं तेच त्याला कळेना. मग त्याला जे एकमेव येत होतं ते त्याने केलं. पट्टी घेतली, रेघा मारल्या आणि वेळापत्रक तयार केलं.

सहाला सुरुवात. दहाव्या किलोमीटरला, वाचनालयासमोर, सात अठरा: मुलगा. एकविसाव्याला, पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यावर, आठ चव्वेचाळीस: ड्रायव्हर. बत्तिसाव्याला, दवाखान्याच्या पायऱ्यांशी, दहा दहा: ताई. शेवट साडेअकरा, सगळे. खाली ठळक अक्षरात सूचना: 'पाच मिनिटं आधी यावे. मी दिसलो नाही तर मी पुढे गेलो असे समजावे. थांबू नये, पुढच्या जागी जावे.' कारण सरावात तो नेहमी वेळेच्या आधीच असायचा. उशीर होईल ही शक्यता त्याच्या डोक्यालाही शिवली नाही. त्याने प्रत्येकाला एकेक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली, ड्रायव्हरला आपली जुनी शिट्टी दिली, मी दिसलो की वाजव म्हणून, आणि पळताना खिशात हलतो म्हणून फोन मुलाकडे. ताईने कागद न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला.

शर्यतीच्या दिवशी घोडं सुरुवातीलाच अडलं. हजारो माणसं एका कमानीखालून निघायची होती, आणि मिनिटराव पार मागे. कमानीपर्यंत पोचायलाच चौदा मिनिटं गेली. नव्या ड्रायव्हरांना तोच शिकवायचा, 'उशीर रस्त्यात होत नाही, स्टँडवरच होतो.' लोका सांगे ब्रह्मज्ञान. गर्दीतून वाट काढत तो वाचनालयापाशी आला तेव्हा सात सदतीस झाले होते. मुलगा नव्हता. दुसऱ्यांचे नातेवाईक दुसऱ्यांना हाका मारत होते. त्याने दोन्ही बाजूंचे चेहरे बघितले, जरा थांबलाही. आणि जुना राग वर आला. झोपला असेल. रविवार आहे ना, कशाला उठतोय बापासाठी.

त्या रागावर त्याने पुढचे पाच-सहा किलोमीटर काढले. मग राग संपला आणि पिंडऱ्या बोलायला लागल्या. पेट्रोलपंपाशी पोचला तेव्हा सव्वानऊ. तिथेही कोणी नाही. कोपऱ्यावर पंक्चरवाला दुकान उघडत होता. त्याला विचारलं, इथे एक उंच माणूस होता का?

"शिट्टीवाला ना? आणि एक जण होता बरोबर. फार शोधत होते कुणाला तरी. शिट्टीवाल्याने फोन लावला, तर तो दुसऱ्याच्याच खिशात वाजला." पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली. "आत्ताच गेले."

मुलगा आला होता. वेळेवर आला होता, आणि बापाने लिहून दिलं होतं तसं बरोब्बर वागला होता. दोघं आपल्या पुढे पुढे पळत होते, आपल्याला गाठायला. आयुष्यभर माणसांना आपण हेच दोन शब्द सांगितले, त्यांना ऐकताना कसं लागत असेल हे त्याला पहिल्यांदा कळलं, तेही बासष्टाव्या वर्षी.

पुढचा रस्ता लांबच लांब, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. माणसं विरळ होत गेली, मग दिसेनाशी झाली. पंचविसाव्याला पायात गोळा आला तेव्हापासून तो चालतच होता. पाण्याची टेबलं उचलायला लागले होते. त्याला बायकोची इतकी आठवण आली की त्याने मोठ्याने तिला हाक मारली, आणि त्याची लाज वाटण्याऐवजी रस्त्यावर ऐकायला कोणी नाही याची त्याला भीती वाटली.

मागून बस आली. मागे पडलेल्यांना उचलणारी बस. त्याच्याजवळ येऊन तिने वेग कमी केला, दार उघडलं, आणि आतला माणूस अदबीने म्हणाला, काका, बसा, वेळ संपत आलीय. मिनिटरावने आत पाहिलं. रिकाम्या सीटा, मागे दोघंतिघं, माना खाली घातलेली. बस वेळेवर होती. तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

"दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत चालतो," तो म्हणाला. "तिथे कोणी नसेल तर बसतो."

त्यात मेख होती. अकरा वीस झाले होते. ताईची वेळ दहा दहाची. तिथे कोणी असणार नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण एवढं अंतर तरी पायाने जायचं होतं. बस त्याच्या मागून चालत्या माणसाच्या वेगाने येत राहिली.

दवाखान्याच्या चौथ्या पायरीवर ताई बसली होती. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, मांडीवर पर्स. त्याला बघून ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. पोरगा आणि ड्रायव्हर येऊन गेले, तिने सांगितलं. अर्धा तास थांबले, मग म्हणाले बाबा पुढे गेलेत, कागदावर लिहिलंय. आत्या, चल. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

"तू का नाही गेलीस?"

"पुढे गेला असतास तर तिकडे तुला दोघं भेटलेच असते. मागे राहिला असलास तर कोण होतं?"

मिनिटराव पायरीचा कठडा धरून उभा होता. बसचं दार उघडंच होतं. पाणी दे म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण निघालं ते भलतंच.

"ताई, मला तू त्या दिवशी दिसली होतीस. फाटकापासून. फाईल दिसली होती. मी घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली."

ताईने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू मान फिरवलीस ती मी बघितली होती."

एवढी वर्षं ती हसवत आली होती, आणि मिनिटराव विषय बदलत आला होता. तो रडायला लागला. ताईने त्याला रडू दिलं, पाठीवर हातबित काही ठेवला नाही. मग बसकडे वळून तिने हाताने खूण केली, जा म्हणून.

"अजून दहा किलोमीटर आहेत," तो म्हणाला. "एकटाच आहे पुढे."

"हो. माझे गुडघे नाहीत त्यातले. तू दिसतोयस तोवर मी इथे उभी राहते."

तो निघाला. कोपऱ्यावर वळण्याआधी त्याने मागे वळून बघितलं. ताई रस्त्याच्या मधोमध उभी होती.

पुढचे दोन तास त्याच्याजवळ कोणी नव्हतं. रस्ता रहदारीला खुला झाला, तो फूटपाथवर चढला, लोक त्याच्या छातीवरचा नंबर बघून बाजूला होत. तो पोचला तेव्हा कमान उतरवून झाली होती, घड्याळ गाडीत चढलं होतं. मुलगा धावत आला, रडवेला झालेला. ड्रायव्हरच्या हातात शिट्टी तशीच.

"बाबा, तुम्हीच लिहिलं होतं ना, थांबू नका."

"हो रे. चुकीचं लिहिलं होतं." त्याने मुलाच्या खांद्यावर भार टाकला आणि म्हणाला, गाडी काढ. आधी आत्याला आणू.

मुलगा म्हणाला, आत्या एव्हाना रिक्षा करून घरी गेली असेल.

"नाही गेली," मिनिटराव म्हणाला, आणि अवघडलेले पाय एकेक करून हातांनी उचलून गाडीत ठेवले.

ताई चौथ्या पायरीवर बसली होती.