बापाच्या कबरीवरचा हिरवा दिवा

आल्डोना पावेल्चाक कुणाचंही पहिलं उत्तर खरं धरत नाही. खाटकाने तोलून दिलेली सॉसेजं ती घरी आणून स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलते. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांची चौकशी औषधाच्या दुकानात करते. रेडिओवर ऊन सांगितलं, की छत्री घेऊन बाहेर पडते. बेकरीच्या दुकानातून निवृत्त होताना तिला घड्याळ भेट मिळालं, तर आभार मानण्याआधी तिने त्यातली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. तोपोलेवो गावात तिचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. तो कुठून आला तेही ठाऊक आहे, पण तिच्यासमोर कुणी विषय काढत नाही.

मोटरसायकलींच्या रेसच्या रविवारी ती न चुकता स्टेडियमवर जाते. दुसऱ्या वळणावर, जिथे लहानपणी उभी राहायची तिथेच उभी राहते. टाळ्या वाजवत नाही, ओरडत नाही. ती ट्रॅककडे बघत असते. पाणी कुठे मारलंय, कुठे कोरडं ठेवलंय, ते.

हा ट्रॅक एके काळी तिच्या बापाच्या हातात होता. सिल्वेस्तर पावेल्चाक आठवडाभर साखर कारखान्याच्या बॉयलरवर कोळसा ओढायचा आणि शनिवार-रविवार स्टेडियमवर राबायचा. ट्रॅकवर अंथरायचा काळा खंगरही त्याच बॉयलरच्या राखेतला. तो चाळायचा, पसरायचा, दाताळ्याने सारखा करायचा आणि अग्निशमन दलाच्या बंबाने त्यावर पाणी मारायचा. पाणी जास्त मारलं तर खंगर जड होतो, चाकं रुततात, गाडी हातातून ओढ घेते. तोपोलेवोचे गडी अशाच ट्रॅकवर वाढलेले. पाणी कमी मारलं तर ट्रॅक ताटासारखा टणक आणि गुळगुळीत होतो. शेजारच्या बोझिन गावाला तसा ट्रॅक आवडायचा.

रविवारी चर्च झालं, घरी शेवया घातलेलं कोंबडीचं सूप पिऊन झालं, की आल्डोना बापाच्या मागोमाग स्टेडियमवर. चार गाड्या, ब्रेक एकीलाही नाही, चार चकरा, वळायचं ते फक्त डावीकडे. सव्वा मिनिटात खेळ खलास, की पुढची फेरी. दुसऱ्या वळणावर गाड्या आडव्या होत आणि मागच्या चाकाखालचा खंगर कठड्यावरून सपसप येऊन पडे. मोठी माणसं तोंडापुढे वर्तमानपत्र धरत. पोरं मुद्दाम धरत नसत. घरी जाताना ज्याचं तोंड जास्त काळं, त्याचा मान मोठा. इंजिनात एरंडेल घालत. घरी चमचाभर एरंडेल पाजायचं म्हटलं की पलंगाखाली दडणारी पोरं इथे जळक्या एरंडेलाचा तोच वास छाती भरून घेत. सूर्यफुलाच्या बियांचा कागदी कोन रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचा आणि पावेल्चाकच्या पोरीसमोर जरा जास्त वेळ थांबायचा. तिच्या बापाच्या ट्रॅककाठी सगळे बसले होते ना.

रेसच्या आधी एक रीत होती, ती अजूनही आहे. घरच्या संघाचा कॅप्टन आणि ट्रॅक सांभाळणारा असे दोघंच ट्रॅकवरून एक फेरी मारतात. कॅप्टन जागोजाग टाच मारून बघतो, इथे पाणी हवं, इथे नको, असं सांगतो. तिसरा माणूस बरोबर जात नाही. त्या फेरीत जे बोलणं होतं ते ट्रॅकवरच राहतं; घरी बायकोलासुद्धा सांगायचं नसतं.

आल्डोना अकरा वर्षांची असताना, जुलैत, बोझिनशी गाठ पडली. या दोन गावांतल्या लोकांची लग्नं एकमेकांत होत, पण त्या रविवारी व्याही व्याह्याला ओळख देत नसे. कॅप्टन होता बेनोन कोसिक. गावातल्या अर्ध्या न्हाव्यांच्या आरशाला त्याचा फोटो लावलेला. तो आणि सिल्वेस्तर टाच मारत फेरी मारून आले. मग आल्डोनाने दोन गोष्टी बघितल्या. पहिली ही, की शेडमागे बोझिन संघाचा मेकॅनिक गेरार्ड तिच्या बापाला भेटला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं त्याने बापाच्या हातात दिलं. बापाने ते कोटात घातलं. दुसरी ही, की नंतर बंबाने निम्माच ट्रॅक भिजवला आणि तो परत गेला.

मग खेळाडूंना ट्रकवर उभं करून मिरवणूक निघाली. कॅप्टन नेहमीप्रमाणे कठड्यावरून पुढे आलेल्या पोरांच्या हातांना हात लावत गेला. आल्डोनाच्या तळव्याला त्याचा कातडी हातमोजा लागला. त्या दिवशी तिने यालाच मोठी गोष्ट मानलं.

तोपोलेवो दोन गुणांनी हरलं. टणक ट्रॅकवर घरचेच गडी परक्यासारखे घसरत होते. एकटा कॅप्टन लढला, त्याचं कौतुक झालं. सिल्वेस्तरला लोकांनी गाठलं तेव्हा तो म्हणाला, बंबाचा कॉक अडकला होता. बंबाचा ड्रायव्हर शेजारीच सॉसेज खात उभा होता. त्याने मोहरी पुसत सांगितलं, की कॉकला काहीएक झालं नव्हतं, पावेल्चाकनेच पुरे म्हणून हात केला.

एवढं पुरलं. रेसच्या क्लबने तोंडाने आरोप केला नाही. शेडच्या किल्ल्या दुसऱ्याला दिल्या, इतकंच. गावाने मात्र केला. बोझिनकडून किती घेतलं, याचे आकडे चौकाचौकात वेगवेगळे होते. आल्डोनाने पुडक्याचं कुणाला सांगितलं नाही. बापालाच विचारलं, त्यात काय होतं.

"बूट," बाप म्हणाला.

घरात नवे बूट कधी आले नाहीत. तिने कपाटाखाली पाहिलं, तळघरात पाहिलं, हिवाळा लागल्यावर बापाच्या पायांकडे पाहिलं. तेच जुने. त्या हिवाळ्यात तिने बापाचा शब्द खरा मानणं सोडलं, आणि मग हळूहळू सगळ्यांचाच.

सिल्वेस्तर पुन्हा स्टेडियमवर गेला नाही. रविवारी स्वयंपाकघरात बटाटे सोलत इंजिनांचा आवाज ऐकायचा आणि मध्येच खिडकी लावून घ्यायचा. आल्डोना मात्र जात राहिली. दुसऱ्या वळणावर बियांचा कोन आता तिच्या पुढून निघून जायचा. डावीकडचा हात उजवीकडच्या हाताला देई, मधे ती नसल्यासारखा. मागच्या बाकावरचा तेओफिल, जो पुढे रेल्वेत गार्ड झाला, एकदा म्हणाला होता, "हिला कशाला, हिच्याकडे बोझिनचा माल असेल." लोक हसले होते. तिचं लग्न झालं, नवरा आला, नवरा वारला, तरी रांगेसाठी ती पावेल्चाकचीच पोर राहिली.

बाप मेल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात नवी गोष्ट सुरू झाली. मृतांच्या सणाला सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतले दिवे घेऊन कब्रस्तानात जातं. आल्डोना सकाळी पोचली तर बापाच्या दगडावर आधीच एक दिवा जळत होता. हिरव्या काचेचा.

तोपोलेवोत लाल काच चालते, पिवळी चालते, क्लबचा रंग म्हणून निळी तर फारच. हिरवा रंग बोझिनचा. या गावात लोक हिरवी कुंपणंसुद्धा दुसऱ्या रंगात रंगवून घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा. त्याच्या पुढच्या वर्षीही. पुडक्यावर आता शिक्काच बसला, असं तिला वाटलं. कामाचा माणूस गेला, म्हणून बोझिनवाले आठवण ठेवतायत. ती दरवर्षी तो दिवा उचलून पाण्याच्या नळामागे ठेवून यायची. जळता ठेवायची, विझवण्याइतकी खात्री तिला कशाचीच नव्हती.

निवृत्तीच्या वर्षी तिला वेळ मिळाला. आणणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं ठरवून ती कब्रस्तानाचं फाटक उघडायच्या आधी पोचली आणि ते उघडताच बापाच्या कबरीमागे जाऊन उभी राहिली. बापाशी तिचा हिशेब एवढाच उरला होता: त्याने ट्रॅक विकला की नाही. गेरार्डच्या घरचं कुणी येईल, अशी तिची अटकळ होती.

धुक्यातून काठी टेकत आला तो बेनोन कोसिक. पंचाहत्तरीचा, कानाला यंत्र लावलेला. त्याने वाकून हिरवा दिवा ठेवला आणि उजव्या हाताने काडी ओढायला बघितली. जमेना, तेव्हा डाव्या हाताने ओढली.

"कॅप्टन," आल्डोना म्हणाली, "हिरवा का?"

तो दचकला, पण पळून जाण्यासारखे त्याचे पाय राहिले नव्हते.

"फाटकाशी माझ्या भाचीचा दिव्यांचा गाडा असतो. निळे-लाल खपतात, हिरवे इथे कोण घेणार? दरवर्षी उरतात. ती मला तसेच देते."

वीस-बावीस वर्षं जो पुरावा तिने जपला होता, तो न खपलेला माल निघाला. पण आल्डोनाने हेही पहिलं उत्तर म्हणून बाजूला ठेवलं.

"दिव्याचं समजलं. पण माझ्या बापाला दिवा कशाला?"

बेनोन दगडाच्या कडेवर बसला. मग त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्या रविवारच्या आधी तो सासऱ्याच्या चेरीच्या झाडावरून पडला. उजवं मनगट मोडलं, अॅक्सिलरेटरचा हात. क्लबला कळलं असतं तर त्याच्या जागी दुसरा उतरला असता, आणि क्लबकडून फ्लॅटची किल्ली त्याच महिन्यात मिळायची होती. जड ट्रॅकवर त्या हाताने एक चक्करही जमली नसती. म्हणून टाच मारत फिरताना त्याने सिल्वेस्तरला सांगितलं, की आज पाणी निम्मंच मार. सिल्वेस्तरने कारण विचारलं. त्याने हातमोजा काढून दाखवला.

"आणि पुडकं?"

"ते तू पाहिलं होतंस?" त्याने कानातलं यंत्र सारखं केलं. "त्यात पट्ट्या होत्या, आणि सुन्न करायचं इंजेक्शन. गेरार्ड माझा मेहुणा. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलताना दिसलो असतो तर लोकांनी काय म्हटलं असतं? तुझ्या बापावर कुणी संशय घेणार नाही, म्हणून त्याच्या हाती मागवलं."

म्हातारी माणसं सणासुदीला काहीही कबूल करतात, हे आल्डोनाने बेकरीत पुष्कळ पाहिलं होतं. मग तिला ती मिरवणूक आठवली. कॅप्टन ट्रकवर नेहमी उजवा हात पुढे करायचा. त्या दिवशी तो ट्रकवर उलटा वळून उभा होता आणि तिच्या तळव्याला लागला तो अंगठा नेहमीच्या बाजूला नव्हता. तो डावा हात होता. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनेच पाहिलेलं होतं. पन्नास वर्षं ती पुडक्याकडे बघत राहिली आणि स्वतःच्या तळव्याकडे बघायचं राहून गेलं.

"फ्लॅट मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला."

"बाल्कनी आहे?"

"आहे. दक्षिणेकडे तोंड करून." त्याने मान खाली घातली. "तो बोलेल असं मला दर रविवारी वाटायचं. तो बोलला नाही. मग मीही नाही बोललो."

"आता बोला," आल्डोना म्हणाली. "माझ्याशी नको. मला कळलं. दुसऱ्या वळणावर बोला."

त्याने कुरकुर केली, की तेव्हाचं आता कोण उरलंय. तिने एकेकाचं नाव घेतलं आणि कोण कुठल्या बाकावर बसतं तेही सांगितलं. शिवाय थंडीभर आठवण करून देत राहिली. आठवड्याला एक पाव घेऊन जायची आणि दारातच विचारायची, विचार बदलला नाही ना.

एप्रिलमध्ये मोसमातली पहिली रेस होती. कॅप्टन काठी टेकत दुसऱ्या वळणावर आला तसे म्हातारे उठून उभे राहिले. त्याच्यासाठी ते अजून उठतात. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं: चेरीचं झाड, मनगट, पाणी, पट्ट्या. न थांबता, न वाढवता सांगितलं. आल्डोना सगळ्यांकडे पाठ करून ट्रॅककडे बघत होती.

तेओफिलने घसा साफ केला.

"म्हणजे त्या दिवशी पाणी कमी मारायला तू सांगितलंस, कॅप्टन."

"मीच."

"असं होय." तेओफिलने बी फोडून टरफल थुंकलं. "आणि आज हे सांगायला कुणी सांगितलं?"

बेनोनने आल्डोनाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. एक जण म्हणाला, की पाव घेऊन ती थंडीभर त्याच्या घरी जाताना दिसते खरी. दुसऱ्याने विचारलं, पावात काय घालून नेते.

बेनोन लालबुंद झाला. त्याने शर्टाची बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं. वेडंवाकडं जुळलेलं हाड कातडीखालून गाठीसारखं वर आलं होतं. तेओफिलने चष्मा लावला, ते बोटाने दाबून पाहिलं, शेजाऱ्यालाही दाबायला लावलं.

"जुनं आहे," शेजारी म्हणाला.

"जुनं आहे, पण कधीचं, ते काय त्यावर लिहिलंय?" तेओफिल म्हणाला. तरी त्याने चष्मा लगेच काढला नाही. आल्डोनाच्या पाठीकडे तो थोडा वेळ बघत बसला.

सुरुवातीची फीत वर उडाली आणि रेस सुटली. चार गाड्या पहिलं वळण घेऊन दुसऱ्यावर आडव्या आल्या आणि खंगराची सर कठड्यावरून सगळ्यांच्या अंगावर पडली. ती झटकत असताना आल्डोनाच्या खांद्याला काहीतरी टोचलं. तिने वळून पाहिलं. तेओफिल दुसरीकडेच बघत होता, पण त्याचा हात पुढे होता आणि हातात बियांचा कोन होता.

आल्डोनाने कोनात बोटं घातली आणि मूठभर बिया घेतल्या. एक दातांनी फोडली, कडू नाही ना ते पाहिलं, मग बाकीच्या तोंडात टाकल्या.