अम्मीचा रेडिओ आणि नळीतला धातू

इथले भुताखेतांचे किस्से मी चवीनं वाचते आणि खाली ‘आधी वायरिंग तपासा’ अशी कॉमेंट टाकते... तीच मी आज लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा.

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि जोडीला संशोधन करते – पातळ धातूच्या अँटेनावर. गॅलियम आणि इंडियम एकत्र केले की मिश्रण पाऱ्यासारखं पातळ राहतं. ते सिलिकॉनच्या बारीक नळीत भरायचं आणि सिरिंजनं मागे-पुढे ढकलायचं. धातूची लांबी बदलली की अँटेना वेगळी फ्रिक्वेन्सी पकडते. यात गूढ काही नाही.

आमचं घर भवानी पेठेत. अम्मीच्या रेडिओची एरियल फार वर्षांपूर्वी मोडली. दुपारी अब्बा चादरीच्या दुकानातून जेवायला यायचे, तेव्हाच जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि खरखर सुरू व्हायची. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणायची, “जरा पकडो जी.” मग अब्बा उठून तुटक्या एरियलची तार डाव्या हातात धरायचे, की आवाज स्वच्छ. उजव्या हातानं उभ्या उभ्या जेवण चालू. गाणं संपलं की अम्मी म्हणायची, “बस, बैठो अब.” मी नवी एरियल आणून दिली, तर अब्बांनी ती कपाटावर टाकून ठेवली.

अब्बा गेले आणि रेडिओ बंद झाला. अम्मीचं बोलणंही कमी झालं. तिनं पुन्हा एखादं गाणं ऐकावं, एवढ्यासाठी एका रविवारी दुपारी मी माझी नळी घरी आणली, भिंतीवर उभी चिकटवली, रेडिओला जोडली. धातू वर ढकलला, खाली आणला... खरखर काही जाईना. शेवटी वैतागून सिरिंजचा कॉक, म्हणजे तिची तोटी, बंद केली, की धातू जागचा हलू नये, आणि बाजूला झाले.

तेवढ्यात अम्मी, चपाती लाटता लाटता, सवयीनं बोलून गेली – “जरा पकडो जी.”

नळीतला धातू वर चढला. सावकाश, बोटभर. आवाज स्वच्छ झाला आणि अख्खं गाणं लागलं. अम्मीचं लाटणं थांबलेलं. मला रडू येत होतं आणि हलायची भीती वाटत होती. गाणं संपल्यावर ती अगदी हळू म्हणाली, “बस, बैठो अब.”

धातू खाली उतरला.

कॉक बंदच होता. हवेचा बुडबुडा, उष्णता, गळती... मी सगळं तपासलं. लॅबमध्ये तसंच जोडून कितीदा पाहिलं. एकदा दार लावून घेऊन मीसुद्धा म्हटलं, “अब्बा, जरा पकडो ना.” धातू जागचा हलला नाही.

नळी अजून घरातल्या भिंतीवर आहे. अम्मी रोज दुपारी तिच्यासमोर बसून जेवते, पण रेडिओ लावू देत नाही. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाली, “नक्को बेटा. थकते होंगे उनो. कित्ती बार खडे करूं?”