यादीत नसलेलं नाव

मुंबईत पाऊल टाकल्यावर कान बधिर होतात, असं गावातल्या सगळ्या शहाण्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मी भाऊच्या धक्क्यावर उतरले ती मुंबई मात्र चिडीचूप होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस, त्यात नेमका त्या दिवशी हरताळ. मला न्यायला हे येणार होते, ते आलेच नाहीत. ट्रंकेवर बसून मी उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाट पाहिली. लग्नाला वर्ष झालं होतं, त्यातले जेमतेम पंधरा दिवस आम्ही एका घरात काढलेले. पण येतो म्हणून न येणारा माणूस नव्हता तो, एवढं मला कळत होतं.

बोटीतले एक म्हातारे भजनीबुवा भोईवाड्यात राहायचे. त्यांना माझी दया आली. "चल माझ्यावांगडा. काळाचौकी वाटेवरच हा," म्हणाले. ट्राम बंद, म्हणून आम्ही ट्रामच्याच रुळांतून चालत निघालो. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, रस्त्यात विटांचे तुकडे, भिंतीभर खडूने काहीबाही लिहिलेलं. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या, पण एकीतूनही धूर नाही. एवढं मोठं शहर दार लावून बसलं होतं. वाटेत कोणीतरी बुवांना सांगितलं, काल लालबागला गोळीबार झाला. बुवा भरभर चालू लागले.

मला काळाचौकीला ह्यांच्या चाळीच्या फाटकात सोडून ते गेले. आत अंगणात पुरुषमंडळी घोळक्याने उभी होती. चष्मा लावलेल्या एकाच्या हातात कागद होता. काल परळच्या इस्पितळात नेलेल्या जखमींची नावं त्यावर होती.

"कोण होया, वैनी?" त्याने विचारलं.

"आमचे हे."

"हे म्हंजे कोण? नाव सांगा, यादीत बघतो."

इथेच माझी गाडी अडली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर त्याहून नाही. आडनाव सांगितलं, तर अर्धी चाळ त्याच आडनावाची. गाव सांगितलं, तर त्या गावचे बावीस जण तिथे राहत होते. पहिल्या मजल्यावरून एक म्हातारी ओरडली, "अगो, उखाण्यात घे!" चार बायका हसल्या. लग्नात पाठ केलेला उखाणा मला एरवी झोपेतही आला असता, पण तेव्हा एक शब्द आठवेना. खरं सांगायचं तर रीतीपेक्षा भीतीच जास्त होती. मी नाव घ्यायचं आणि तो माणूस कागदात बघून मान हलवणार, हे मला नको होतं.

शेवटी त्या म्हातारीनेच तोडगा काढला. "तू सगळी यादी वाच रे. तिचो घोव इलो तर ती मान हलवात."

त्याने वाचायला सुरुवात केली. मी ट्रंकेची कडी घट्ट धरून उभी होते. एक नाव ह्यांच्याच नावासारखं सुरू झालं, पण पुढे ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. यादी संपली. मी मान हलवली नव्हती. म्हातारीने मला वर नेलं, पाणी दिलं. यादीत नाहीत, मग आहेत कुठे?

गॅलरीत येऊन उभी राहिले, तर फाटकातून हे आत आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. पोलिसांनी नाका अडवला म्हणून लांबून वळसा घालून धक्क्यावर पोचले होते, आणि मी तिथे नाही पाहून तसेच पळत परतले होते, असं मला मागाहून कळलं. खालच्या आमच्या खोलीला त्यांना कुलूप दिसलं. कोणाला काही न विचारता ते पुन्हा फाटकाकडे वळले.

"अहो!" मी ओरडले. अंगणातल्या सहा-सात जणांनी वर पाहिलं. फक्त ह्यांनी नाही. ते फाटकाबाहेर पडत होते, आणि बाहेर कालच्या गोळीबाराकडे जाणारा तो रस्ता होता.

मग मी नाव घेतलं. उखाण्याबिखाण्याशिवाय, नुसतं, आडनावासकट, गुरं हाकताना ओरडतो तसं.

ह्यांनी मागे वळून वर पाहिलं आणि, देवाशपथ, शाळेतल्या पोरासारखी ओ दिली. मी कठडा धरून रडत होते आणि हसतही होते. इतकं हलकं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हे जिना चढून आले. कान लाल झालेले. हळूच म्हणाले, "अगो, सगळ्या चाळीसमोर माझा नाव घेतलंस?"

"त्या यादीत नाय होतां," मी म्हटलं, "म्हणान घेतलंय."