कशासारखं लागते?

घागरे सर कधी कुणाला "चहा कसा झाला?" असं विचारत नसत. ते विचारत, "कशासारखा लागते?" सौसरहून बदली होऊन मी पांढुर्ण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला आले आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न माझ्यापुढे आला. एसटीच्या धक्क्यांनी माझं डोकं उठलं होतं. "चहासारखा," मी म्हटलं. सरांचा चेहरा पडला. आतून त्यांच्या बायकोचा, शांतावैनींचा आवाज आला, "मॅडम, आलं जुनं हाये, वाळल्या गवतासारखा लागते, असं सांगा न. त्यायले तेवढंच पाह्यजे."

सरांना वास येत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव उभं राहतं आणि एकमेकांवर दगड चालतात. ही आमच्याकडची गोटमार. कॉलेजात असताना सर मोठ्या ऐटीत तिच्यात उतरले आणि पाठ फिरवून पळताना डोक्याला मागून गोटा बसला. जखम भरली, केसही उगवले, पण वास गेला तो गेलाच. अशा माराने नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात, हे मी वर्गात शिकवत असे. पण वास गेला की आंबा काय आणि दुधीभोपळा काय, जिभेवर नुसतं गोड, आंबट, खारट, कडू एवढंच उरतं, हे मी सरांच्या ताटाकडे पाहून शिकले. पुढे त्यांनी बायको केली ती नेमकी सावरगावची. "तुमच्या गावानं माहं नाक नेलं," असं ते म्हणाले की वैनी म्हणत, "त्याच्याच भरपाईत मले धाडलं न, बापा!"

सर गणित शिकवत. शाळेत तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीला पडदे होते आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत जाता येत नसे. भोपाळला जाऊन शिकून आलेले एकटे सर त्याला हात लावत. शाळा सुटल्यावर ते तिथे काय करतात म्हणून एकदा मी डोकावले, तर हा सज्जन माणूस, सुपारीचंही व्यसन नसलेला, घरी बिअर करण्याची कृती मशीनवर बसवत होता! नागपूरच्या फुटपाथवर मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकातली सूत्रं घेऊन त्यांनी प्रोग्राम लिहिला होता. जव किती, कितपत भाजले, गूळ किती, संत्र्याची साल किती, हे मशीन विचारायचं आणि रंग, कडवटपणा आणि नशा यांचे आकडे पडद्यावर दाखवायचं.

मी चिडलेच. "सर, शाळेच्या मशीनवर दारू?"

"दारू नाही जी, हिशोब करून राहिलो," सर शांतपणे म्हणाले. "कडू मले समजते. फेसाची चुरचुर समजते. बाकी या दुनियेत माह्या जिभेले समजन असं दुसरं काय हाये, सांगा?"

"आणि वास? तो मशीनला कळतो का?"

"नाही न. मशीन अन् मी सारखेच. वासाचं खातं तुमच्या वैनीकडं."

ते खातं बघण्यासारखं होतं. सर जव भिजवून मोड आणत, गच्चीवर वाळवत, लोखंडी कढईत भाजत. मग कढवणं, गाळणं, पाव-भट्टीतून आणलेलं खमीर घालणं आणि लोणच्याच्या बरण्या कोपऱ्यात झाकून ठेवणं. तयार झालं की वैनी मोरीपाशी उभ्या राहत, डोक्यावरचा पदर सारखा करत, एक चमचा तोंडात घेत, डोळे मिटत आणि थुंकून टाकत. त्यानंतर निकाल लागे. "ओल्या गोणपाटासारखी." "फळा पुसाच्या फडक्यासारखी." एकदा तर, "रामाकोन्याच्या आत्याबाईच्या संदुकीसारखी." सर यातलं अक्षरही वाया जाऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी जवाचा भाजणीचा आकडा बदलून पुन्हा मशीनपुढे बसत. एका उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बाटल्या फेसाच्या जोराने फुटून सगळं घर चिकट झालं, तेव्हा वैनी फरशी पुसता पुसता इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं.

हा खटाटोप कशासाठी, हे सरांनी मला एकदा तिगावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना सांगितलं. गोटमारीच्या त्या सकाळी ते बाजारात भडभुंज्याच्या भट्टीपाशी उभे होते. त्याने तापल्या वाळूत जव टाकले आणि धूर उठला. सरांच्या आयुष्यातला तो शेवटचा वास.

"तोच वास बाटलीत पाह्यजे मले," ते म्हणाले. "मले येनार नाही, मालूम हाये. पण तिनं आपल्या मनानं म्हटलं पाह्यजे, भट्टीसारखी लागते म्हणून. तिले सांगू नका, मॅडम. समजलं तर मले खूष कराले ती कालच्या पाण्यालेही तसंच म्हणन."

मी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

मग वैनींच्या मानेला गाठ आली. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, रेडिएशनचे शेक झाले. गोरी मान काळवंडली, आवाज बसला. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. वैनी हळूच म्हणाल्या, "मीठ अन् साखर सारखीच लागून राह्यली, मॅडम. वासही गेला. यायले सांगू नका. घरात एकच जीभ होती, तेही गेली असं वाटन त्यायले." दोघांचीही गुपितं माझ्या पोटात, आणि मला त्या दोघांचाही राग येत होता. रडूही येत होतं.

त्या अंथरुणाला खिळल्या तरी सरांच्या मागे लागत, "अवो, मशीनीत नवा हिशोब टाका न. मले चव पाहाची हाये." सर मुकाट्याने शाळेत जाऊन बसत. शेवटची बाटली त्यांनी उघडली तेव्हा मी उशाशीच होते. वैनींनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच थुंकल्या नाहीत. घोट गिळायला त्यांना फार त्रास झाला. मग त्या म्हणाल्या, "भडभुंज्यानं वाळूत जव टाकले अन् धूर निंगाला न, तशी लागते."

सर तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, अखेर जमलं म्हणून रडताहेत. ते मोरीकडे तोंड धुवायला गेले तेव्हा मी वैनींच्या कानाशी वाकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगन? दरसाल पोयाच्या बजारात हे मले त्या भट्टीपाशी नेते. घेत काहीच नाही. निस्ते उभे राह्यते, लंबा श्वास घेते अन् मंग चेहरा उतरते. मी काय आंधयी हाओ का, मॅडम?"

संत्र्याची झाडं फुलावर होती तेव्हा वैनी गेल्या. सगळ्या गावाला त्या फुलांचा वास येत होता.

तेरवी आटोपल्यावर सर माझ्या दारात आले. हातात तीच बाटली, अर्धी उरलेली, आणि दोन पेले. ओसरीवर बसून म्हणाले, "नागपूरच्या डॉक्टरनं शेकाच्या आधीच मले सांगितलं होतं जी, तिची चव जाईन म्हणून. ती मांगे म्हणून देत होतो. मंग तिले भट्टी कशी समजली? तुमी सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं, आणि पोळ्याच्या बाजाराचं सांगितलं.

सरांनी एक पेला भरला. "मी तिले जग पुसत राह्यलो," ते म्हणाले, "अन् ती मले पाहून राह्यली होती."

त्यांनी माझ्याही पेल्यात थोडी ओतली. जन्मात कधी दारूला न शिवलेली मी तो घोट घेतला. आंबट होती, शिळ्या गुळाची होती, आणि भाजल्या जवाचा तिच्यात मागमूस नव्हता. सर मला प्रश्न विचारतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. त्यांनी विचारला नाही. त्यांनी पेला नाकाशी नेला, भट्टीपुढे घेत असत तसा लांब श्वास घेतला आणि डोळे मिटून प्याले.

मग मीच विचारलं, "सर, कशासारखी लागते?"

"ती म्हणली न," सर म्हणाले, "तशीच."